वाकडी कपाटं

शनिवारी माझी तब्येत विचारायला कोणीही नातेवाईक फोन करत नाही. त्यांना विचारायची असते कॉम्प्युटरची तब्येत. मी एका विमा कंपनीच्या ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळते. आठवडाभर साहेबलोकांचे विसरलेले पासवर्ड बदलून द्यायचे, आणि सुट्टीच्या दिवशी मावशीचा प्रिंटर, काकांचं वायफाय, आतेभावाच्या मुलाचा अडकलेला गेम. म्हणून मी एक युक्ती काढली आहे. फोन आला की काही ऐकून घ्यायच्या आधी विचारायचं, "बंद करून पुन्हा चालू केलंत का?" निम्मे तिथेच गळतात.

दादा मात्र गळला नाही.

"केलं. इतक्यांदा केलं की बटण झिजलं," तो म्हणाला. "तू ये. ग्राफिक्स कार्ड गेलंय."

"गेलंय हे कोणी सांगितलं तुला?"

"सांगायला कशाला पाहिजे? समोर दिसतंय. येतेस की दुसऱ्या कोणाला बोलावू?"

दुसऱ्या कोणाला बोलावण्याची धमकी तो लहानपणापासून देतो आणि दुसरा कोणी कधी येत नाही. मी बॅगेत लॅपटॉप टाकला आणि निघाले.

दादाचा फोटो स्टुडिओ त्याच्या घरातच आहे. पुढच्या खोलीत काउंटर. तिथे वहिनी बसतात. पासपोर्टचे फोटो, फ्रेमा, लॅमिनेशन हा सगळा कारभार त्यांचा. आतल्या खोलीत दादाचं टेबल, मोठा मॉनिटर आणि खिडकीला जाड काळा पडदा. पूर्वी तो लग्नाचे फोटो काढायचा. आता ते सोडून वस्तूंचे फोटो काढतो. दुकानांच्या आणि कारखान्यांच्या जाहिरातीसाठी मिक्सर, बूट, खुर्च्या. वस्तू हलत नाहीत, त्यांना हसा म्हणावं लागत नाही आणि फोटो बघून त्या 'मी जाड दिसते' असं म्हणत नाहीत, म्हणून तो खूश असतो.

मी पायरीवर चप्पल काढतच होते, तेवढ्यात वहिनी काउंटरमागून बाहेर आल्या आणि मला दारातच अडवलं.

"कपाटवाल्यानं फोटो पुन्हा परत पाठवलेत," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

कपाटवाला म्हणजे दादाचं सध्याचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. त्याचा कपाटांचा कारखाना आहे आणि त्याला नवीन कॅटलॉग छापायचा आहे.

"काय म्हणाला?"

"म्हणाला, माझी कपाटं कारखान्यातून सरळ निघतात, तुमच्याकडे आली की वाकतात. मागच्या खेपेला हसून बोलला होता. या खेपेला हसला नाही."

"आणि दादा काय म्हणतो?"

"मशीन म्हणतात. दुसरं काय म्हणणार?" वहिनींनी आतल्या दाराकडे पाहिलं. "ताई, मला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नाही. पण मशीनच बिघडलेलं निघू दे. परवा भिंतीवर फ्रेम लावताना मला वेड लागायची पाळी आली. डावीकडून वर घे, आता खाली घे, आता पुन्हा वर. सरळ लावलेली फ्रेम यांनी वाकडी करून घेतली माझ्याकडून. डोळे दाखवून या म्हटलं की कपाटांचं काम संपू दे म्हणतात. मशीन बिघडलं तर दुसरं आणता येईल. यांचे डोळे बिघडले तर मी कुठून आणू?"

मी म्हटलं, "तुम्ही उगाच काहीतरी डोक्यात घेऊ नका," आणि आत गेले. कोणी आपल्या मनातली भीती माझ्या गळ्यात घातली की मला राग येतो. राग आला की मी कामाला लागते.

दादा खुर्चीत फतकल मारून बसला होता. "या इंजिनिअरबाई," तो म्हणाला. "बघा आमचा पेशंट."

पेशंट खरंच आजारी होता, हे मला कबूल करावं लागलं. मोठा फोटो उघडला की त्यावर काळे चौकोन उमटत होते, आणि माऊस हलवला की नाहीसे होत होते. जवळून बघायला गेलं की चित्र अडखळत येत होतं. सगळ्यात वाईट होता तो ब्रश. हात पुढे जायचा, ब्रश मागून रेंगाळत यायचा, कंटाळलेल्या पोराला बाजारात ओढत न्यावं तसा. मी बघत असतानाच सगळा प्रोग्राम एकदा न विचारता बंद पडला.

"बघ!" दादा आनंदाने ओरडला. स्वतःच्या मशीनच्या मरणाचा एवढा आनंद झालेला माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. "आता या ब्रशनं कपाटाची कड सरळ करायची. कशी होईल? हात एकीकडे, ब्रश दुसरीकडे. वाकणारच ना?"

बोलणं पटण्यासारखं होतं. मी त्याला उठवलं आणि त्याच्या खुर्चीत बसले.

आमच्या धंद्यात एकच शहाणपण आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि मशीन सुरू झालं, तर ते कशामुळे सुरू झालं हे देवालाही सांगता येत नाही. मोठ्या चित्रांचं जड काम कॉम्प्युटर एकटा ओढत नाही, ते ग्राफिक्स कार्डाच्या अंगावर टाकतो. त्यासाठी फोटोच्या प्रोग्राममध्ये, सेटिंगच्या पानावर एक छोटा चौकोन असतो. त्यात बरोबरची खूण असली की कार्ड कामाला लागतं. मी आधी ती खूण काढली आणि प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडला.

काळे चौकोन गेले. पण सगळं गोगलगायीच्या चालीने चालायला लागलं आणि निम्मी टूल्स फिकी पडून रुसून बसली.

"झालं?" दादा मागून म्हणाला.

"झालं नाही, कळलं. घोळ कार्डाच्या वाटेवर आहे. खूण काढून काम होईल, पण तू म्हातारा होशील."

"म्हणजे कार्ड गेलंय. मी काय म्हणत होतो?"

"गप्प बस जरा."

मी खूण परत घातली आणि प्रोग्रामची माहिती उघडली. तो कोणत्या कार्डाकडून काम करून घेतो ते तिथे लिहिलेलं असतं. तिथे दादाने हौसेने घेतलेल्या मोठ्या कार्डाचं नावच नव्हतं. कॉम्प्युटरबरोबर फुकटात येणारी किरकोळ चिप सगळा डोंगर एकटी उपसत होती. मोठं कार्ड गेलं नव्हतं. त्याला कोणी कामावर बोलावलंच नव्हतं.

मी मोबाईलचा टॉर्च लावून टेबलाखाली शिरले. तिथे कोळ्याची जाळी होती, लेन्सचं हरवलेलं एक झाकण होतं आणि मॉनिटरची वायर होती, चुकीच्या जागी. कॉम्प्युटरच्या पाठीला तशी सारखी दिसणारी दोन भोकं असतात. एक वरचं, ते फुकटातल्या चिपचं. एक खालचं, ते कार्डाचं. वायर वरच्यात होती.

"हे टेबल कोणी हलवलं होतं?" मी खालूनच विचारलं.

"खोलीला रंग दिला तेव्हा. रंगाऱ्यानं हलवलं. वायरी मात्र मीच लावल्या, दुसऱ्याला हात लावू दिला नाही."

"कशा लावल्यास?"

"कशा म्हणजे? जी जिथे बसली तिथे लावली."

मी डोकं वर करायला गेले ते टेबलावर आपटलं. त्या रागात मी त्याला दोन-चार गोष्टी ऐकवल्या. तो मोठा भाऊ असल्यामुळे त्याने त्या ऐकल्या नाहीत.

वायर खालच्या भोकात घातली. मग ड्रायव्हरकडे वळले. ड्रायव्हर म्हणजे कॉम्प्युटर आणि कार्ड यांच्यामधला दुभाषा. तो जुना झाला की एक बोलतो आणि दुसरा भलतंच ऐकतो. जुना पूर्ण काढून टाकला आणि कार्डवाल्या कंपनीच्या साइटवरून नवा आणला. मग प्रोग्रामच्या सगळ्या जुन्या सवयी पुसून त्याला कोऱ्या पाटीने सुरू केलं. माहितीच्या पानावर आता मोठ्या कार्डाचं नाव आलं. मी कपाटाचा सगळ्यात मोठा, दादाने अजून काम न केलेला फोटो उघडला, जवळ गेले, लांब आले, ब्रश गरगर फिरवला. चौकोन नाहीत, अडखळणं नाही. ब्रश हाताला चिकटल्यासारखा चालत होता.

वहिनी दारात येऊन उभ्या होत्या. "मशीनच होतं?"

"मशीनच होतं, वहिनी. आणि ते बिघडवणारा हा तुमचा नवरा होता. वायर उलटी लावून बसलाय."

विनोद काही एवढा मोठा नव्हता, पण वहिनी पोट धरून हसल्या. हसता हसता त्यांनी डोळ्यांना पदर लावला आणि चहा टाकते म्हणून आत गेल्या. माझाही जीव भांड्यात पडला. मला वहिनींचं म्हणणं खरं वाटलं नव्हतं असं मी समजत होते, पण जीव भांड्यात पडला म्हणजे तो आधी कुठेतरी टांगलेला होताच.

दादा खुर्चीत बसला. ब्रश फिरवून बघितला, मान डोलावली. मग पुढे वाकून स्क्रीनला नाक लावल्यासारखा बघायला लागला.

"वा," तो म्हणाला. "फक्त हे एक राहिलंय."

"काय राहिलंय?"

"ही कड. बघ, मधे पोट काढलंय तिनं."

मी बघितलं. पांढऱ्या कपाटाची उजवी कड वरपासून खालपर्यंत ओळंब्यात होती.

"सरळ आहे की."

"डोळे फुटले का तुझे? ही बघ, हँडलच्या वर. पोट आहे."

प्रोग्राममध्ये कडेला लावून बघायला एक निळी रेघ ओढता येते. ती सरळच असते, तिला वाकडं होताच येत नाही. मी ती ओढली आणि कपाटाच्या कडेला भिडवली. वरपासून खालपर्यंत फट नव्हती.

"आता?"

"आता तीही वाकलीय," दादा म्हणाला. "दोन्ही बरोबरच वाकल्यात. म्हणजे बघ, कार्डच आहे. तू वायर लावलीस, पण कार्डच मुळात गेलंय."

त्याचं म्हणणं खरं असावं असं मला फार वाटत होतं. म्हणून मी पुन्हा सगळं केलं. स्क्रीनचं रिझोल्यूशन बदलून पाहिलं, वायर बदलली, चौकोनातली खूण काढली आणि घातली. दर वेळी तो पुढे वाकायचा आणि म्हणायचा, आहे अजून. शेवटी मी स्क्रीनचं चित्र जसंच्या तसं उचललं आणि फोनवर पाठवून त्याच्या हातात दिलं. त्याने फोन हातभर लांब धरला.

"इथे सरळ आहे!" तो एकदम म्हणाला. "अगदी सरळ. म्हणजे फोटो बरोबर, मॉनिटर खराब. झालं, सापडलं!"

मला त्याला मिठी मारावीशी वाटली. मॉनिटर खराब असणं ही जगातली किती चांगली गोष्ट आहे! मी बॅगेतून माझा लॅपटॉप काढला, तो फोटो त्यात घेतला आणि त्याच्यासमोर ठेवला. "घे. आता हा दुसरा मॉनिटर."

तो पुढे वाकला. बराच वेळ बघत राहिला.

"इथेही आहे," तो म्हणाला. त्याच्या आवाजातला जोर गेला होता.

माझ्याकडे बदलायला आता काही उरलं नव्हतं. सकाळपासून मी स्क्रीनकडेच बघत होते. तेव्हा कुठे मी दादाकडे बघितलं. तो लॅपटॉपवर वाकला होता आणि त्याचा डावा डोळा मिटलेला होता.

त्यात नवीन काही नव्हतं. आयुष्यभर त्याने कॅमेऱ्याला उजवा डोळा लावताना डावा मिटलाय. आता बारीक काही बघायचं झालं की हातात कॅमेरा नसतानाही तो डोळा आपोआप मिटतो. सुईत दोरा ओवताना, भिंतीवरची फ्रेम बघताना, कपाटाची कड निरखताना. घरात आम्ही सगळे त्यावरून त्याला चिडवतो. फोन मात्र त्याने लांब धरून दोन्ही डोळ्यांनी बघितला होता.

मी हे बघितलं नसतं तर बरं झालं असतं. नवा मॉनिटर घे असं सांगून, चहा पिऊन मी घरी गेले असते.

"दादा, डावा उघड," मी म्हटलं. "आणि उजवा मीट."

"का?"

"एका वेळी एकच गोष्ट बदलायची."

त्याने डोळा बदलला. पुन्हा बदलला. मग पुन्हा. दिवा लागत नाही म्हणून माणूस स्विच खटखट करून बघतो, तसे तो डोळे बदलत होता. त्याने मान वळवून दाराच्या चौकटीकडे पाहिलं आणि तिथेही तेच केलं. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघू शकले नाही, म्हणून की-बोर्डकडे बघत राहिले.

"तू कॉम्प्युटर बघायला आलीस ना?" तो म्हणाला.

"हो."

"मग तो बघ. मला कशाला बघतेस?"

"तो बरा झालाय, दादा."

तो चिडला होता. मला वाटलं आता तो मला घराबाहेर काढणार. पण त्याने माऊस हातात घेतला आणि मोठ्या मॉनिटरवर कपाटाचे दोन फोटो शेजारी शेजारी उघडले. एक कॅमेऱ्यातून आलेला तसाच, एक त्याने काम केलेला. मग त्याने उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला आणि फक्त डाव्याने बघितलं.

"ही मूळची. सरळ आहे," तो म्हणाला. "आणि ही मी केलेली."

त्याने केलेल्या कपाटाची कड मधोमध आत गेली होती. उजव्या डोळ्याला दिसणारं पोट त्याने ब्रशने हळूहळू आत ढकललं होतं, मन लावून, एकेक केसभर. काम इतकं सफाईदार होतं की कुठे जोड दिसत नव्हता. कपाटच तसं बनवलंय असं वाटावं. त्याने दुसरं कपाट उघडलं, मग तिसरं. सगळ्यांच्या कमरा आत गेल्या होत्या.

"मी सरळ करत होतो गं ती," दादा म्हणाला. "त्या कपाटवाल्याला काय काय ऐकवलं मी फोनवर. तुम्हाला फोटो बघता येत नाही म्हणालो."

मला रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग येत होता. सकाळी वायर सापडल्यावर मी एवढी खूश का झाले, याचाच राग. मशीनमध्ये एक दोष सापडला म्हणून दुसरीकडे दोष नसतो असं थोडंच आहे? ऑफिसात हे मी दुसऱ्यांना शिकवते.

वहिनी ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. त्यांनी ट्रे टेबलावर ठेवला आणि मोबाईल काढून डोळ्यांच्या दवाखान्यात फोन लावला. नंबर त्यांच्याकडे आधीच होता.

"यांचे डोळे तपासायचेत," त्या म्हणाल्या. "नाही, आधी कधी आले नाहीत. पुढच्या आठवड्यात? अहो, त्याच्या आधी नाही का जमणार? नाही, नंबर वाढलाय असं नाही. म्हणजे त्यांना काय होतंय की..."

पुढचं त्यांना सांगता येईना. मशीन, ब्रश, कपाट असं काहीतरी त्या जुळवायला लागल्या. दादाने उठून त्यांच्या हातातून फोन घेतला.

"मीच बोलतोय, ज्याचे डोळे तो," तो म्हणाला. "माझ्या उजव्या डोळ्याला सरळ रेघ वाकडी दिसते. मधल्या भागात. हो, फक्त उजव्या. दोन्ही उघडे असले की कळत नाही."

पलीकडची मुलगी काहीतरी विचारत होती. दादाने आमच्या दोघींकडे पाठ केली आणि पडद्याकडे तोंड करून उभा राहिला.

"कधीपासून म्हणजे..." तो म्हणाला. "पहिल्यांदा कॅमेऱ्यातून बघताना दिसलं. गेल्या वर्षी. मला वाटलं कॅमेऱ्यातच काहीतरी झालंय, म्हणून तो दुरुस्तीला टाकला. मग लेन्स बदलली. मग ट्रायपॉड बदलला. मग कॉम्प्युटर बिघडला, तेव्हा बरं वाटलं. आज बहिणीनं कॉम्प्युटर नीट केला."

वहिनी कोपऱ्यातलं स्टूल ओढून मटकन बसल्या. लेन्स आली तेव्हा त्या दोघांनी मिळून खोकं उघडलं होतं.

"नाही ताई, घरी कोणाला सांगितलं नव्हतं," दादा फोनवर म्हणाला. "आता बदलायला दुसरं काही उरलं नाही, म्हणून तुम्हाला फोन केलाय."

तो थोडा वेळ ऐकत राहिला. मग म्हणाला, "आजच? बरं. येतो," आणि फोन वहिनींच्या हातात देऊन शर्ट बदलायला आत गेला.